लाइट गेली की न उठणारं मशीन: डिस्प्ले आणि बूटची एकच गाठ

उदगीरच्या एका सेवा केंद्राचं मशीन, म्हणजे कॉम्प्युटर, लातूरला आमच्या दुरुस्तीच्या टेबलावर आलं. मालकांनी फोनवर आधीच सांगितलं होतं, "लाइट जाऊन आली की हे उठतच नाही बघा. अन् उठलंच तर तारीख कुठली तरी मागची दाखवतंय. पोर्टल उघडत नाही मग." शिवाय ग्राफिक्स कार्डाचा पंखा जाम होऊन खरखरत होता, आणि कार्ड काढलं की स्क्रीन काळी. विंडोज १० ला मिळणारे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले, त्यामुळे जमलं तर विंडोज ११ टाकून हवं होतं.

आत काय होतं ते आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. कोअर आय-३ ८१०० प्रोसेसर, एच ३१० चिपसेटचा मदरबोर्ड, ८ जीबी डीडीआर-४ रॅम, नंतर बसवलेला २४० जीबीचा साटा एसएसडी, जुनी ५०० जीबीची हार्ड डिस्क आणि पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमध्ये जीफोर्स २१० कार्ड. कार्ड का बसवलं असेल याचा अंदाज आला: काउंटरवर गिऱ्हाइकाला अर्ज दिसावा म्हणून दुसरा मॉनिटर जोडला होता. खरं तर ८१०० मधलं यूएचडी ६३० हे आतलं ग्राफिक्स त्या कार्डापेक्षा कितीतरी वेगवान आहे, आणि एच ३१० वर बोर्डाच्याच व्हीजीए आणि एचडीएमआय पोर्टवरून दोन मॉनिटर एकाच वेळी चालतात. म्हणजे कार्डाची गरज मुळातच नव्हती.

अशा मशीनला डिस्प्लेची तक्रार वेगळी आणि डिस्कची वेगळी असं धरून हात घातला की माणूस फिरत राहतो. दोन्ही एका सेटिंगला बांधलेल्या असतात: सीएसएम. मशीन चालू होताच सगळ्यात आधी धावणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर म्हणजे बायोस, आणि त्याची नवी पद्धत म्हणजे यूएफआय. जुन्या, म्हणजे लेगसी, पद्धतीनं बूट होणाऱ्या डिस्क आणि जुनी कार्डं नव्या यूएफआय बोर्डावर चालावीत म्हणून ठेवलेला जोड म्हणजे सीएसएम. जीफोर्स २१० च्या काळातल्या कार्डांत यूएफआयला समजणारा डिस्प्लेचा भाग, म्हणजे जीओपी, नसतो. त्यामुळे सीएसएम बंद झालं की कार्डावरून चित्र येत नाही. एमबीआर या जुन्या पद्धतीनं आखलेल्या डिस्कवर लेगसीनं टाकलेलं विंडोजही सीएसएम बंद असेल तर बूट होत नाही. आणि हे सेटिंग जपून ठेवणारा बोर्डावरचा बटण सेल मेला की बोर्ड मूळ सेटिंगवर जातो. या बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये सीएसएम बंद. लाइट गेली की मशीन का उठत नव्हतं, ते एवढ्यात आलं.

म्हणून कामाचा क्रम ठरलेला: आधी सेल, मग आतल्या ग्राफिक्सवर डिस्प्ले, मग डिस्क एमबीआरवरून जीपीटी या नव्या आखणीवर, आणि त्यानंतरच सीएसएम बंद. क्रम उलटा केला की मधेच अडकायला होतं. डिस्क बदलायच्या आधी सीएसएम बंद केलं तर विंडोज उठत नाही. आतलं ग्राफिक्स चालू न करता कार्ड काढलं तर बायोससुद्धा दिसेलच असं नाही.

सेल सीआर २०३२, ३ व्होल्टचा. पॉवर कॉर्ड काढायची, कॅबिनेटचं बटण एकदा दाबून उरलेला करंट जाऊ द्यायचा, मग बारीक डिसमिसनं सेलच्या बाजूची पितळी पट्टी बाहेर ढकलायची. सेल आपोआप वर येतो. वरून उपसायला गेलं की खालची स्प्रिंग वाकते, आणि मग नवा सेलही टेकत नाही. मीटरवर आकडा २.३ आला. नवा सेल ३ ते ३.३ दाखवतो, २.८ च्या खाली गेलेला आम्ही बदलूनच टाकतो. नवा बसवताना अधिकची बाजू वर.

हा सेल आपल्याकडे लवकर का जातो, यालाही कारण आहे. कॉर्डला लाइट असेपर्यंत घड्याळ एसएमपीएसच्या, म्हणजे कॅबिनेटमधल्या पॉवर सप्लायच्या, स्टँडबाय करंटवर चालतं, सेलवर ताण नसतो. पण गावाकडच्या दुकानात रात्री मेन स्विचच पाडतात, दिवसा भारनियमन वेगळं, आणि एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली पारा ४० च्या पुढं. सगळा भार सेलवर. तारीख मागं गेली की ब्राउझर सुरक्षित जोडणीचं प्रमाणपत्र नाकारतो, 'कनेक्शन प्रायव्हेट नाही' असं दाखवतो, आणि लोक इंटरनेटवाल्याला फोन लावतात. सेवा केंद्रात पोर्टल उघडत नसेल तर आधी स्क्रीनच्या कोपऱ्यातलं साल बघा.

सेल बदलल्यावर कार्ड तसंच ठेवून मशीन चालू केलं. सीएसएम बंद असल्यामुळं कार्डावरून नुसते बीप. बोर्डाच्या पोर्टमध्ये केबल लावूनही काही नाही, कारण 'ऑटो'वर असलेला बोर्ड स्लॉटमध्ये कार्ड दिसलं की आतलं ग्राफिक्स झोपवतो. सगळ्या बोर्डांचं असं नसतं. काही बोर्ड कार्डावरून चित्र निघत नाही म्हटल्यावर स्वतःच सीएसएम चालू करतात, काही आतल्या ग्राफिक्सवर येतात. हा त्यातला नव्हता. मग कॉर्ड काढून कार्ड बाहेर काढलं: आधी मागच्या पट्टीचा स्क्रू, मग स्लॉटच्या टोकाची खुंटी दाबून कार्ड सरळ वर. खुंटी न दाबता ओढलं की स्लॉटचं प्लास्टिक तुटतं.

तरी स्क्रीन काळीच. इथं सीमॉस, म्हणजे बायोसची साठवलेली सेटिंग, क्लिअर करावं लागलं. बोर्डावर सेलच्या जवळ दोन पिना असतात. कुठं क्लिअर सीमॉस, कुठं जेबॅट १, कुठं सीएलआरटीसी असं बारीक लिहिलेलं. कॉर्ड काढलेली असतानाच डिसमिसच्या टोकानं दोन्ही पिना एकत्र टेकवून ५ ते १० सेकंद धरायच्या. पुढचं बूट सावकाश होतं: बोर्ड रॅम नव्यानं तपासतो, एकदा-दोनदा स्वतःच बंद होऊन चालू होतो. या वेळी घाईनं बटण दाबणारे बरेच. मिनिटभर हात मागं ठेवायचा. तेवढ्यानं व्हीजीएवर बोर्डाचा लोगो आला.

एवढं करूनही चित्र आलं नसतं तर आम्ही तीन गोष्टी बघितल्या असत्या. पहिली, प्रोसेसरच्या नावामागचं अक्षर. इंटेलच्या नावात शेवटी 'एफ' असेल, जसं ९१००एफ, १०४००एफ, १२१००एफ, तर आत ग्राफिक्सच नाही; बोर्डाला कितीही पोर्ट असोत, ते शोभेचे. एएमडीत उलटं: जुन्या रायझनमध्ये नावात 'जी' असेल तर ग्राफिक्स आहे, ३६०० किंवा ५६०० मध्ये नाही. ७००० मालिकेपासून बहुतेक डेस्कटॉप रायझनमध्ये छोटं ग्राफिक्स आलं, तिथंही 'एफ'वाला वगळून. दुसरी, कन्व्हर्टर. आपल्याकडे अजून व्हीजीए मॉनिटरच जास्त, आणि डीव्हीआय-डी पोर्टला नुसता आकार बदलणारा व्हीजीए जोड लावून चित्र येत नाही, कारण त्या पोर्टातून ॲनालॉग सिग्नल निघतच नाही. एचडीएमआयवरून व्हीजीए करायला आत चिप असलेला कन्व्हर्टर लागतो. स्वस्तातले काही विंडोजमध्ये चालतात, पण बायोसच्या वेळी काळे. तिसरी, रॅम. काढून पितळी कडा खोडरबरानं पुसून परत बसवायची. डिस्प्ले नाही म्हणून ग्राफिक्सला दोष आणि दुखणं रॅमच्या खाचेतल्या धुळीचं, हे लातूरच्या धुळीत नेहमीचं.

डिस्प्ले आल्यावर डिलीट दाबून बायोसच्या सेटअपमध्ये. काहीही हलवायच्या आधी पानापानाचा मोबाइलवर फोटो काढायचा. बऱ्याच बोर्डांवर फॅट ३२ केलेला पेनड्राइव्ह लावून एफ १२ दाबलं की पडद्याचं चित्र त्यावर साठतं. मग ग्राफिक्सची दोन सेटिंग. नावं कंपनीगणिक वेगळी. गिगाबाइटवर 'इनिशियल डिस्प्ले आउटपुट' आणि 'इंटर्नल ग्राफिक्स'. आसूसवर ॲडव्हान्स्डमध्ये सिस्टिम एजंटच्या खाली 'प्रायमरी डिस्प्ले' आणि 'आयजीपीयू मल्टी-मॉनिटर'. एमएसआयवर 'इनिशिएट ग्राफिक ॲडॅप्टर' आणि 'आयजीडी मल्टी-मॉनिटर'. पहिल्यात आयजीएफएक्स, आयजीडी किंवा सीपीयू ग्राफिक्स जे असेल ते निवडायचं, दुसरं 'ऑटो'वरून 'एनेबल्ड'. पीईजी म्हणजे कार्डाचा स्लॉट, ते नको. 'ऑटो'वर विसंबू नये असं आमचं मत आहे. उद्या कुणी दुसरं कार्ड खोचलं की पुन्हा तोच गोंधळ.

ग्राफिक्ससाठी रॅम किती बाजूला काढायची, यावर उगाच चर्चा होते. इंटेलवर 'डीव्हीएमटी प्री-अलोकेटेड' ६४ एमबी पुरतं. बाकीची ड्रायव्हर लागेल तशी घेतो आणि सोडतो. तिथं १०२४ केलं की तेवढी रॅम कायमची गेली. एएमडीवर 'यूएमए फ्रेम बफर' मोठं ठेवलं असेल तर ८ जीबी रॅम बसवूनही विंडोज ६ च्या आसपासच वापरता येते असं दाखवतं, आणि गिऱ्हाईक रॅम खोटी म्हणून भांडायला येतं. त्यापेक्षा एका ८ जीबीऐवजी ४-४ च्या दोन पट्ट्या दोन चॅनलवर लावल्या तर आतल्या ग्राफिक्सला खरा फायदा होतो, कारण ते रॅमच्याच वेगावर जगतं.

आता डिस्क. सीएसएम तात्पुरतं चालू करून जुनं विंडोज उठवलं. रन खिडकीत एमएसइन्फो३२ टाकलं की 'बायोस मोड' ही ओळ दिसते. तिथं 'लेगसी' होतं. डिस्क मॅनेजमेंट उघडल्यावर खरी गंमत कळली: विंडोज एसएसडीवर, पण 'सिस्टिम रिझर्व्ड' हे बूट फाइल असलेलं छोटं पार्टिशन जुन्या हार्ड डिस्कवर. एसएसडी नंतर बसवून विंडोज टाकताना हार्ड डिस्कची केबल काढलेली नसली की हे होतं. इन्स्टॉलरला आधीचं बूट पार्टिशन सापडतं, तो फाइल तिथंच ठेवतो. पुढं हार्ड डिस्क खराब झाली की नवाकोरा एसएसडी असूनही मशीन उठत नाही. नवं विंडोज टाकताना बाकीच्या डिस्कच्या डेटा केबल काढून ठेवायच्या, हा नियम कितीही घाई असली तरी मोडायचा नाही.

पुढं जायच्या आधी डेटा बाहेरच्या डिस्कवर घेतला: स्कॅनचे फोल्डर, डिजिटल सहीच्या टोकनचं आणि बोटांच्या ठशाच्या यंत्राचं सॉफ्टवेअर. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप, चालू नाही ना, तेही बघितलं. चालू असेल तर आधी थांबवायचं आणि ४८ अंकी रिकव्हरी की लिहून घ्यायची; टीपीएम (किल्ल्या जपणारी सुरक्षा सोय) किंवा सिक्युअर बूट (सही असलेलंच सॉफ्टवेअर उठू देणारं सेटिंग) हलवलं की विंडोज तीच मागतं आणि बहुतेकांकडे ती नसते.

डिस्कचं रूपांतर करणारं एमबीआर२जीपीटी हे साधन विंडोज १० च्या १७०३ आवृत्तीपासून आतच आहे, वेगळं काही उतरवावं लागत नाही, डेटाही जात नाही. पण त्याच्या अटी कडक. डिस्कवर जास्तीत जास्त तीन प्रायमरी पार्टिशन, एक्स्टेंडेड-लॉजिकल एकही नको, आणि बूट फाइल असलेलं ॲक्टिव्ह पार्टिशन त्याच डिस्कवर हवं. सी, डी, ई, एफ अशा चार-पाच फाळण्या पाडायची जी सवय आहे, ती इथं आडवी येते. या एसएसडीवर सी एकटंच होतं. अडचण शेवटच्या अटीची.

म्हणून आधी बूट फाइल एसएसडीवर आणल्या. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून बीसीडीबूट कमांड: पुढं सी ड्राइव्हचं विंडोज फोल्डर, स्लॅश एस सी कोलन, स्लॅश एफ बायोस. मग डिस्कपार्ट या डिस्क-फाळणीच्या साधनात एसएसडी निवडून सीचं पार्टिशन 'ॲक्टिव्ह' केलं. डिस्कपार्ट विचारत नाही, सांगितलेलं करतो. म्हणून 'लिस्ट डिस्क'मधला जीबीचा आकडा बघूनच डिस्क निवडायची, २४० जीबीची तिथं २२३ दिसते. विंडोजच्या पेनड्राइव्हवरच्या 'बूट' फोल्डरात बूटसेक्ट असतं, त्यानं एनटी६० आणि एमबीआर हे पर्याय देऊन सीचा बूट कोडही लिहून घेतला. मशीन बंद, हार्ड डिस्कची केबल बाहेर, परत चालू. एकट्या एसएसडीवर विंडोज उठलं, तेव्हा निम्मं काम झालं. इथं उठलं नसतं तर पुढं जाण्यात अर्थ नव्हता.

आता एमबीआर२जीपीटी स्लॅश व्हॅलिडेट, स्लॅश डिस्क कोलन ०, स्लॅश अलाऊफुलओएस. एकच डिस्क जोडलेली असल्यामुळं शून्य म्हणजे कोणती ही शंका नाही. 'व्हॅलिडेशन कम्प्लीटेड सक्सेसफुली' आल्यावर तीच ओळ, व्हॅलिडेटच्या जागी कन्व्हर्ट. साधन सीमधून थोडी जागा कापून ईएफआय पार्टिशन बनवतं, त्यात नव्या बूट फाइल टाकतं, आणि शेवटी सांगतं की आता फर्मवेअर यूएफआयवर न्या. 'ओएस पार्टिशन सापडलं नाही' अशी चूक आली तर बूट यादीत जुन्या विंडोजच्या किंवा मेलेल्या रिकव्हरीच्या नोंदी असतात. रीएजंटसी या कमांडनं विंडोजची रिकव्हरी डिसेबल करून, जादा नोंदी काढून परत बघायचं. हे काम यूपीएसवर असतानाच करावं. डिस्कचा तक्ता बदलत असताना लाइन गेली तर आधी घेतलेल्या बॅकअपचाच आधार.

पुढच्या चालूला थेट सेटअप. सीएसएम डिसेबल्ड. सिक्युअर बूट एनेबल्ड. 'नॉट ॲक्टिव्ह' दिसत राहिलं तर त्याच पानावर 'रिस्टोर फॅक्टरी कीज' करून घ्यायचं, आणि ओएस टाइप 'अदर ओएस' असेल तर 'विंडोज यूएफआय मोड'. इंटेल पीटीटी चालू केलं की विंडोज ११ ला लागणारं टीपीएम २.० दिसू लागतं. एएमडीवर त्याचंच नाव एफटीपीएम. बूट ऑर्डरमध्ये पहिलं नाव 'विंडोज बूट मॅनेजर' हवं, नुसतं एसएसडीचं नाव नव्हे. साटा मोड, म्हणजे डिस्कशी बोलायची पद्धत, एएचसीआयच होता, त्याला हात लावला नाही. लावू पण नये: चालत्या विंडोजखाली तो बदलला की निळी स्क्रीन आणि 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस'. बदलणं भागच असेल तर आधी विंडोजला सेफ मोडमध्ये उठायला सांगायचं, मग मोड बदलायचा, सेफ मोडमध्ये एकदा उठवायचं, म्हणजे योग्य ड्रायव्हर लागतो, आणि नंतर सेफ मोड काढायचा.

नव्या मशीनवर याच घरातली दोन दुखणी येतात. इंटेलच्या ११ व्या पिढीपासूनच्या बऱ्याच मशीनवर विंडोज टाकताना एनव्हीएमई, म्हणजे एम.२ स्लॉटातली वेगवान, डिस्क यादीतच दिसत नाही. कारण इंटेलचं व्हीएमडी हे डिस्क सांभाळणारं सेटिंग चालू असतं. रेड, म्हणजे अनेक डिस्क एकत्र बांधणं, वापरायचं नसेल तर ते बंद करा, नाहीतर इन्स्टॉलरला पेनड्राइव्हवरून इंटेलचा आयआरएसटी हा डिस्कचा ड्रायव्हर द्या. दुसरं: ५०० मालिकेच्या चिपसेटपासून, म्हणजे एच ५१० किंवा बी ५६०, आतल्या ग्राफिक्सवर लेगसी बूट चालतच नाही. जुन्या मशीनचा एमबीआर एसएसडी काढून तिथं लावला आणि सीएसएम शोधत बसलं तर तो पर्याय राखाडीच राहतो. डिस्क जुन्या मशीनवरच जीपीटी करून मग हलवायची. बोर्डावरचा एम.२ स्लॉट वापरला आणि एखादी साटा डिस्क गायब झाली, तर डिस्क मेली असं समजू नका. काही बोर्डांवर त्या स्लॉटची आणि एका साटा पोर्टची लाइन एकच असते. पोर्ट बदलून बघायचा.

उदगीरच्या मशीनवर विंडोज उठल्यावर एमएसइन्फो३२ मध्ये बायोस मोड यूएफआय, सिक्युअर बूट स्टेट ऑन. ८१०० आठव्या पिढीचा असल्यानं विंडोज ११ च्या यादीत बसतो, अपग्रेड नेहमीच्या वाटेनं झालं. व्हीजीए आणि एचडीएमआयवर दोन्ही मॉनिटर लागले. मग सेलची परीक्षा: कॉर्ड काढून मशीन रात्रभर तसंच ठेवलं, सकाळी चालू केल्यावर तारीख बरोबर, सीएसएम बंदच. दुकानाला सांगायच्या गोष्टींत अर्थिंग आलंच. काळ्या जमिनीत उन्हाळ्यात खड्डा सुकतो आणि कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. खड्ड्यात पाणी सोडत राहा आणि दोन पिनचा जुगाड काढून टाका.

हार्ड डिस्क सगळ्यात शेवटी जोडली. तिच्यावरचं जुनं 'सिस्टिम रिझर्व्ड' यूएफआय बूटला आडवं येत नाही, म्हणून लगेच उडवायची घाई केली नाही. मालकांना सांगितलं की महिनाभर मशीन नीट चाललं की ते पार्टिशन काढू. तेव्हाही डिस्कचा नंबर बघून नाही, जीबी बघून, कारण केबल परत जोडल्यावर शून्य कोण आणि एक कोण हे बदललेलं असू शकतं.